सल्ला केंद्राची पायरी चढायला संकोच कशाचा?

जर्मनीत नोकरीनिमित्त आलेल्या आपल्या मराठी कुटुंबांमध्ये एक समज घट्ट बसला आहे. त्याबद्दल आज जरा सविस्तर लिहिते. कारितास, डियाकोनी, रेड क्रॉस अशा संस्थांची स्थलांतरितांसाठीची सल्ला केंद्रं, गल्लीतले भाषेचे कट्टे, फोल्क्सहोखशूलेतले (प्रौढांसाठीच्या सार्वजनिक शिक्षण केंद्रातले) जर्मनचे वर्ग हे सगळं निर्वासितांसाठी आहे, आपण तर ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांच्या नोकरीच्या परवान्यावर आलोय, कर भरतोय, आपलं तिथे काय काम? हे बोलणं मी इथे श्टुटगार्टमध्ये गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत ऐकलंय, तेही चांगल्या, शिकलेल्या, मनाने उदार असलेल्या माणसांकडून. मला ते अजिबात पटत नाही. आणि या समजाचा त्रास बहुतेक वेळा सोसावा लागतो तो घरातल्या बाईला.

नवऱ्याचं ऑफिस इंग्रजीत चालतं. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मनची ए-वन, म्हणजे अगदी पहिल्या पातळीची परीक्षा द्यावी लागत नाही आणि आल्याआल्या नोकरी करायची परवानगीही मिळते. सवलत चांगलीच आहे. पण बी.एड. किंवा बी.फार्म. झालेली, पुण्यात किंवा नाशिकमध्ये स्वतःच्या पगारावर उभी असलेली बाई इथे येते आणि बालरोगतज्ज्ञाची वेळ घ्यायलाही संध्याकाळी नवरा घरी यायची वाट बघते. किटाचं, म्हणजे बालवाडीचं पत्र, भाड्यावरच्या खर्चाचं वार्षिक बिल, विमा कंपनीची विचारणा, सगळं स्वयंपाकघरातल्या टेबलावर साठत राहतं. मोबाइलवर भाषांतर होतं, शब्द कळतात. पण या पत्राला मुदत किती, ती चुकली तर काय होईल, बिलावर आक्षेप घ्यायचा तर कुणाला लिहायचं, हे ओळखीच्या माणसाला विचारावं लागतं. आणि नव्या गावात ओळखीचं माणूस कुठून आणायचं?

त्यासाठीच तर ही व्यवस्था उभी केली आहे. 1 जानेवारी 2005 पासून लागू झालेल्या स्थलांतर कायद्याने देशभर इंटेग्रेशन कोर्स सुरू केले. बहुतेकांसाठी त्यात 600 तासिका भाषेच्या आणि 100 तासिका देशाचा इतिहास, कायदा, समाजजीवन यांच्या. भाषेचं ध्येय बी-वन, म्हणजे रोजचे व्यवहार स्वतः करता येतील अशी मधली पातळी. त्याच्या जोडीला प्रौढ स्थलांतरितांसाठी मोफत सल्ला आणि 12 ते 27 वयाच्या मुलामुलींसाठी वेगळी युवक सेवा. पैसा सरकारचा, काम मात्र समाजसेवी संस्थांचं. समोर बसलेला सल्लागार परदेशी नागरिक कार्यालयाचा माणूस नसतो. तुम्ही सांगितलेलं तो गुप्त ठेवतो. धर्म विचारत नाही, पगारही विचारत नाही. कारितास कॅथलिक आणि डियाकोनी प्रोटेस्टंट संस्था आहे म्हणून कचरणाऱ्या काकूही मला भेटल्या आहेत. काकू, बिनधास्त जा.

एक गोष्ट मात्र आल्याआल्या विचारून घ्या. नोकरीसाठी किंवा कुटुंबाकडे म्हणून पहिला निवासी परवाना मिळाला की इंटेग्रेशन कोर्सला बसायचा हक्क अनेकांना मिळतो, पण तो साधारण एका वर्षात मागावा लागतो. उच्चशिक्षितांना या कोर्सची फारशी गरज नसेल असं कायदा काही बाबतीत धरून चालतो, आणि भाषेअभावी शिक्षणाला साजेशी नोकरी मिळत नसेल तर त्याला अपवादही करतो. तुम्हाला यातलं काय लागू पडतं ते तुमचे कागद बघूनच कळेल. व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याची पाच वेगवेगळी उत्तरं मिळतील.

सांगणारं कुणी नसलं की काय होतं, हे या देशाने आधी अनुभवलेलं आहे. युद्धानंतर कारखान्यांना माणसं कमी पडू लागली तेव्हा पश्चिम जर्मनीने 1955 मध्ये इटलीशी आणि 1961 मध्ये तुर्कस्तानशी कामगार करार केले, पुढे आणखी देशांशीही. 10 सप्टेंबर 1964 रोजी कोलोनच्या डॉइट्झ स्टेशनवर आर्मांडो रॉड्रिगेस दे सा नावाचा पोर्तुगीज सुतार गाडीतून उतरला आणि दहा लाखावा पाहुणा कामगार म्हणून त्याचा सत्कार झाला. बँड, फुलं, कॅमेरे आणि बक्षीस म्हणून एक मोपेड. तो फोटो जर्मनीत पाठ्यपुस्तकांतून सगळ्यांना माहीत आहे. पुढची हकिगत मात्र फार कमी लोक सांगतात. काही वर्षांनी हा माणूस आजारी पडून मायदेशी परतला आणि साठवलेली कमाई त्याच्या उपचारांवर संपली. जर्मनीत कापलेल्या विम्यापोटी आजारपणात पैसे मिळायचा आपल्याला हक्क आहे, हे त्याला ठाऊकच नव्हतं. 1979 मध्ये तो वारला. मोपेड आज बॉनच्या इतिहास संग्रहालयात आहे.

मला ही गोष्ट विसरता येत नाही. त्याचा हक्क कायद्यात होता, त्याने हप्तेही भरले होते. कमी होतं ते फक्त टेबलापलीकडे बसून ‘तुम्हाला हे मिळू शकतं, इथे सही करा’ म्हणणारं माणूस. त्याच 1979 साली हाइन्झ क्यून यांनी, ते सरकारचे परदेशी नागरिकांसाठीचे पहिले प्रतिनिधी होते, सरकारला लेखी कळवलं की ही माणसं आता इथलीच झाली आहेत, त्यांच्या मुलांच्या शाळेचा आणि नागरिकत्वाचा विचार करा. ते प्रत्यक्षात उतरायला पुढची पंचवीस वर्षं गेली. आज आपल्याला जे आयतं मिळतंय ते त्या पिढीने काढलेल्या खस्तांमधून आलंय. म्हणून त्याला ‘दुसऱ्यांसाठीची सोय’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

यातलं मला सर्वात भावलेलं काम बर्लिनच्या नॉयक्योल्न भागातलं आहे. तिथे 2004 पासून ‘श्टाट्टाइलम्युटर’, म्हणजे वस्तीतल्या आया, घरोघर जातात. स्वतः तुर्की, अरब किंवा आणखी कुठल्या घरातून आलेल्या या बायका प्रशिक्षण घेतात, गळ्यात लाल स्कार्फ बांधतात आणि नव्या आईच्या घरी बसून तिच्या भाषेत तिला किटा, शाळा, लसीकरण समजावून सांगतात. सांगणारी स्वतः त्यातून गेलेली असते, त्यामुळे ऐकणारीला कमीपणा वाटत नाही. आपल्या मंडळांनी हे उचलावं असं मला फार वाटतं. आपण दिवाळी पहाट उत्तम करतो, ढोलपथकं उभी करतो. मग नव्याने आलेल्या मुलीला पहिल्यांदा सल्ला केंद्रात सोबत नेणाऱ्या चार ताया आपल्याकडे का असू नयेत?

नागरिकत्वाच्या बाबतीत तर योग्य सल्ल्याशिवाय पाऊल टाकूच नका. 27 जून 2024 पासून नवा कायदा आला. आठऐवजी पाच वर्षांच्या वास्तव्यावर अर्ज करता येतो, आणि जर्मनी आता जुनं नागरिकत्व सोडायला सांगत नाही. असामान्य प्रगती दाखवणाऱ्यांसाठी असलेली तीन वर्षांची वाट 2025 च्या शरदात बंद झाली. अर्जाच्या मुख्य अटी अशा: भाषा बी-वन, स्वतःच्या कमाईवर घर चालत असल्याचा पुरावा, आणि 33 प्रश्नांच्या परीक्षेत किमान 17 उत्तरं बरोबर. 2024 मध्ये 2 लाख 91 हजार 955 लोक जर्मन नागरिक झाले. ‘आता दोन पासपोर्ट चालतात’ ही बातमी आपल्या लोकांमध्ये फिरली आणि काहींनी ती अर्धीच वाचली. जर्मनीला चालतात, भारताला नाही. आपल्या घटनेच्या नवव्या अनुच्छेदाप्रमाणे आणि 1955 च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे स्वेच्छेने दुसरं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं. मग ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना भारत देतो तो परवाना. त्यावर भारतात मतदान नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. ज्यांचं गावी सातबाऱ्यावर नाव आहे, भावाच्या शेजारचा तुकडा पुढेमागे घ्यायचा विचार आहे, त्यांनी हे घरच्यांशी बसून आधी बोलावं. तरीही मी स्वतः नागरिकत्व घेण्याच्या बाजूची आहे. जिथे राहतो, जिथे मुलं शाळेत जातात, तिथल्या मतदानात आपला आवाज असायला हवा. फक्त निर्णय सगळं समजून घेतलेला असावा.

आता महाराष्ट्राकडे येते, कारण इथून पुढे हा प्रश्न काही हजार ब्लू कार्डवाल्यांपुरता राहणार नाही. मुंबई आणि श्टुटगार्ट 1968 पासून भगिनी शहरं आहेत. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्राने श्टुटगार्ट ज्याची राजधानी आहे त्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. पहिल्या टप्प्यात 10 हजार तरुण पाठवायचे, जाण्याआधी जर्मन शिकवायचं, असं ठरलं. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, चालक अशा कामांसाठी लातूर, गडचिरोली, सिंधुदुर्गातली मुलं येतील. त्यांच्या हाती आयटीचा पगार नसेल आणि कामावर इंग्रजी चालणार नाही. वर्गात शिकलेलं जर्मन आणि इथल्या वॉर्डात रात्रपाळीला कानावर पडणारं श्वेबिश, म्हणजे इथल्या बोलीतलं बोलणं यात भरपूर अंतर आहे. पात्रतेची मान्यता अडकली, मालकाने करारातला ओव्हरटाइम दिला नाही, एजंटाने जादा पैसे मागितले, तर ही मुलं कुणाला विचारतील? महाराष्ट्र सरकारला माझी कळकळीची विनंती आहे. शिकवताना भाषेच्या पुस्तकाबरोबर सल्ला केंद्रांची ओळखही द्या, आणि मूल ज्या शहरात जाणार तिथल्या केंद्राचा पत्ता विमानात बसायच्या आधी त्याच्या हातात ठेवा.

आणि इथे राहणाऱ्यांनो, ही केंद्रं कायम राहतीलच असं समजू नका. 2024 च्या अंदाजपत्रकाच्या मसुद्यात प्रौढांच्या सल्ला सेवेचा निधी 8 कोटी 15 लाख युरोंवरून 5 कोटी 75 लाखांवर आणायचा घाट होता. संस्था रस्त्यावर उतरल्या, खासदारांना पत्रं गेली, तेव्हा बराचसा भाग परत मिळाला. त्या पत्रांत मराठी आडनावं किती असतील? एकीकडे भारतीय कुशल कामगारांचे व्हिसा वर्षाला 20 हजारांवरून 90 हजारांवर न्यायचं जाहीर करायचं आणि दुसरीकडे त्यांना वाट दाखवणाऱ्याची खुर्ची काढून घ्यायची, हे मला कोणत्याच हिशेबाने पटत नाही. पुढच्या वेळी अशी कात्री आली तर आपण लिहायला हवं. तुमच्या मतदारसंघाच्या खासदाराला साध्या बी-वन जर्मनमध्ये लिहिलेलं पत्रही चालतं.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: शहराचं नाव आणि ‘मिग्रात्सिओन्सबेराटुंग’ (Migrationsberatung, म्हणजे स्थलांतरितांसाठी सल्ला) एवढं शोधलं की केंद्र सापडतं. ‘एमबीऑन’ (mbeon) नावाच्या अॅपवर घरबसल्याही विचारता येतं. श्टुटगार्टकरांसाठी शार्लोटेनप्लात्झला वेलकम सेंटर आहे. जाताना पासपोर्ट, निवासी परवाना, घराचा करार, पदवीची प्रमाणपत्रं आणि टेबलावर साठलेली सगळी पत्रं न्या, न फोडलेलीसुद्धा. वेळ आधी ठरवा. एकटीला जायला अवघड वाटत असेल तर मला मेसेज करा, श्टुटगार्ट आणि आसपास मी सोबत येईन.