वर्गणी काढा, पण कशासाठी ते आधी ठरवा

‘छोट्या शहरांनी पिस्तूलविक्रीवरची बंदी कोर्टात टिकवण्यासाठी खर्च वाटून घ्यावा’ हे लेखातलं म्हणणं पटतं, पण अर्धंच. कारण वकिलाची फी हा या खर्चाचा एकच भाग झाला. अमेरिकेत नागरी हक्काच्या दाव्यात शहर हरलं, तर समोरच्याच्या वकिलाचं बिलही शहराच्याच गळ्यात पडतं. इलिनॉयमध्ये हेच घडलं. मॉर्टन ग्रोव्ह या गावाने 1981 साली हँडगन, म्हणजे पिस्तुलं, बाळगण्यावरच बंदी केली आणि ती कोर्टात टिकलीही. पण 2008 मध्ये घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल बाळगणं हा नागरिकाचा हक्क ठरवणारा सुप्रीम कोर्टाचा ‘हेलर’ निकाल आला आणि मॉर्टन ग्रोव्ह, विल्मेट, इव्हनस्टन यांनी निमूटपणे माघार घेतली. शिकागो आणि जेमतेम पन्नास हजार वस्तीचं ओक पार्क लढत राहिले, 2010 मध्ये सुप्रीम कोर्टात हरले. त्यांनी मग बंदी मागे घेतली, तरी 2011 मध्ये अपील कोर्टाने विरोधी वकिलांची फी त्यांच्यावर बसवलीच! अशा वेळी वर्गणीदार शेजारी पुढे येतील का? गणपतीची वर्गणी देतानासुद्धा लोक दार उघडत नाहीत हो.

उलट वेस्ट हॉलिवूडचं बघा. त्यांनी 1996 मध्ये फक्त स्वस्त, निकृष्ट पिस्तुलांच्या विक्रीवर बंदी घातली. घरात बाळगण्याला हात लावला नाही. 1998 मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील कोर्टाने ती उचलून धरली आणि पुढच्याच वर्षी राज्याने तसा कायदा केला. अर्थात तेव्हा हेलर निकाल यायचा होता, हेही खरं. तरी मसुदा असा नेमका असेल, तर खर्चात वाटा उचलायला माझी ना नाही.