हार्ड नॉक आले म्हणून एफपीजीएतील मेमरीचा प्रश्न सुटत नाही

एफपीजीएवर, म्हणजे आतली जोडणी नंतर हवी तशी बदलता येणाऱ्या चिपवर, काम करणाऱ्यांमध्ये एक विधान वारंवार पुढे पाठवले जाते. त्याचा आशय असा: नव्या चिपमध्ये नेटवर्क ऑन चिप (नॉक), म्हणजे चिपच्या भागांमध्ये डेटा वाहून नेणारे जाळे, थेट सिलिकॉनमध्येच बनवलेले, म्हणजे हार्ड, असते, त्यामुळे कोणताही ब्लॉक कोणत्याही मेमरीशी पूर्ण वेगाने बोलू शकतो, डेटा कुठे ठेवायचा याचा विचार करावा लागत नाही, आणि चिपच्या बदलता येणाऱ्या लॉजिकमध्ये बांधलेली सॉफ्ट नॉक कालबाह्य झाली आहेत. यातला पहिला भाग खरा आहे. त्यातून काढलेले तिन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत, आणि त्यांवर विसंबून आखलेली डिझाइन शेवटच्या टप्प्यात अडकतात, म्हणून त्यांचा प्रतिवाद करणे मला गरजेचे वाटते.

हार्ड नॉकचा फायदा मोठा आहे, हे आधीच मान्य करतो. मेमरी कंट्रोलर बहुधा चिपच्या कडेला असतो, आणि तिथून 512 बिटांची बस लॉजिकमधून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायची म्हटली, की टायमिंग जुळवताना, म्हणजे सिग्नल ठरल्या वेळेत पोहोचवताना, डिझायनर मेटाकुटीला येतो. टोरांटो विद्यापीठात मोहम्मद अब्देलफताह आणि वॉन बेट्झ यांनी दाखवून दिले की सिलिकॉनमध्ये थेट बनवलेला राउटर, म्हणजे नॉकमध्ये डेटाला पुढची वाट दाखवणारा भाग, सॉफ्ट राउटरपेक्षा कितीतरी लहान आणि वेगवान असतो. झायलिंक्सने 2018 मध्ये जाहीर केलेली व्हर्सल मालिका आणि अक्रॉनिक्सची स्पीडस्टर-7टी ही चिप याच दिशेने गेली.

आता 'पूर्ण वेगाने' या दाव्याकडे वळू. व्हर्सलच्या नॉकची वाट 128 बिट रुंद असून ती सुमारे 1 गिगाहर्ट्झवर चालते, म्हणजे एका दिशेने सेकंदाला जास्तीत जास्त 16 जीबी. याउलट 64 बिटांच्या डीडीआर4-3200 मेमरीची कमाल क्षमता सेकंदाला 25.6 जीबी असते. म्हणजे एकाच पोर्टमधून, म्हणजे नॉकच्या एकाच प्रवेशद्वारातून, वाचणारा ब्लॉक, नॉक पूर्ण मोकळे असले तरी, त्या मेमरीचा पुरता उपयोग करून घेऊ शकत नाही. काम दोन पोर्टांवर वाटावे लागते. शिवाय विनंती पाठवल्यापासून डेटा परत येईपर्यंत समजा 150 नॅनोसेकंद लागत असतील, तर 16 जीबीचा वेग टिकवण्यासाठी सतत 2,400 बाइट वाटेत असले पाहिजेत, म्हणजे 64 बाइटांच्या जवळपास 38 विनंत्या एकाच वेळी प्रलंबित हव्यात. एक विनंती पाठवून तिच्या उत्तराची वाट पाहणाऱ्या ब्लॉकला याच हिशेबाने अर्धा जीबीसुद्धा मिळत नाही. त्यातच कोणत्या जोडणीला किती बँडविड्थ हवी हे व्हर्सलच्या नॉक कंपायलरला आधी सांगावे लागते, आणि मार्ग त्या आकड्यांवरूनच ठरतात. आकडे अंदाजपंचे भरले तर मार्गही तसेच निघतात.

डेटा कुठेही ठेवला तरी चालतो, हा दुसरा दावा सर्वांत महागात पडणारा आहे. घोडे पेंड खाते ते इथेच, कारण नॉक फक्त वाहतूक करते. डीरॅमची, म्हणजे डीडीआर4 सारख्या मेमरीची, अंतर्गत रचना ते बदलत नाही. डीरॅम बँक नावाच्या विभागांत वाटलेली असते, आणि प्रत्येक बँकेत एका वेळी एकच रो, म्हणजे साठवणुकीची एक आडवी ओळ, उघडी असते. उघड्या रोमधून 64 बाइटांचा बर्स्ट (सलग तुकडा) वाचायला डीडीआर4-3200 मध्ये 2.5 नॅनोसेकंद पुरतात, पण त्याच बँकेतली दुसरी रो हवी असेल तर दोन रो उघडण्यांमध्ये सुमारे 46 नॅनोसेकंद जावे लागतात. प्रत्येक वाचन एकाच बँकेतल्या नव्या रोवर पडले, तर 25.6 जीबींपैकी हाती जेमतेम 1.4 जीबी उरतात. ही स्थिती दुर्मीळ मुळीच नाही. रुंदी दोनच्या मोठ्या घाताइतकी असलेला मॅट्रिक्स ओळीने साठवून स्तंभाने वाचला, आणि पत्त्यांची विभागणी सरळसोट असली, की नेमके असेच घडते. त्यावर उपाय तुकड्या-तुकड्यांनी साठवणे, ओळीच्या शेवटी थोडी मोकळी जागा सोडणे किंवा पत्त्यातले बँकेचे बिट मिसळणे हेच आहेत, आणि हे निर्णय डिझायनरलाच घ्यावे लागतात.

एचबीएमची, म्हणजे चिपशेजारीच बसवलेल्या अतिवेगवान मेमरीची, गोष्टही वेगळी नाही. झायलिंक्सच्या अल्व्हिओ यू280 या एफपीजीए कार्डावरच्या 8 जीबी एचबीएमला 32 उपचॅनेल (डेटाच्या स्वतंत्र वाटा) आहेत आणि सगळ्यांची मिळून क्षमता सेकंदाला सुमारे 460 जीबी आहे. तिथे नॉकऐवजी हार्ड स्विच असून तो प्रत्येकी चार पोर्टांच्या आठ छोट्या स्विचांचा बनलेला आहे. कोणत्याही पोर्टवरून कोणत्याही उपचॅनेलपर्यंत जाता येते, पण शेजारच्या स्विचांना जोडणाऱ्या वाटा मोजक्याच असल्याने सगळेच पोर्ट लांबचा डेटा मागू लागले की गर्दी होते आणि वेग घसरतो. पोहोचता येणे आणि पूर्ण वेगाने पोहोचता येणे यांत असा फरक आहे.

सॉफ्ट नॉकबद्दलचा तिसरा दावा थोडक्यात निकाली निघतो. आर्टिक्स-7 सारख्या, आजही शिकण्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या चिपमध्ये हार्ड नॉक नाहीच. जिथे ते आहे तिथेही त्याची प्रवेशद्वारे मोजकी आणि ठरलेल्या जागी असतात, त्यामुळे शंभरेक लहान प्रोसेसर एकमेकांना जोडायचे असतील तर प्रत्येकाला स्वतंत्र प्रवेशद्वार देणे परवडत नाही. नचिकेत कापरे आणि जॅन ग्रे यांनी 2015 मध्ये मांडलेले हॉपलाइट अशाच कामासाठी आहे: वाट अडली की डेटाचे पाकीट बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, न थांबवता ते दुसरीकडे वळवते, आणि म्हणूनच त्याचा राउटर अगदी थोड्या लॉजिकमध्ये बसतो. अशा गटाचा आपापसांतला संवाद सॉफ्ट नॉकवर ठेवून फक्त मेमरीकडे जाणारी वाहतूक हार्ड नॉकवर सोपवता येते.