टकटक आणि स्टीलचा चमचा

रविवारी दुपारी आमच्या इंदूरच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांचा संदेश झळकला: 'आज सकाळी रामबागेत एका गृहस्थांची बंद पडलेली गाडी धक्का मारून चालू करून दिली. माणुसकी अजून जिवंत आहे.' खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. ते गृहस्थ म्हणजे माझे साडू. धक्का कोणीही मारला नव्हता. आणि माणुसकीचं म्हणाल, तर काकांच्या हातात जवळजवळ सबंध वेळ पोह्यांची प्लेट होती.

पोह्यांच्या ठेल्यासमोर साडूंनी किल्ली फिरवली आणि बॉनेटखालून टकटकटकटक सुरू झालं. ऐकणाऱ्याला एवढं पुरतं. एकच 'टक' होऊन सगळं गप्प झालं आणि दिवेही मंदावले नाहीत, तर संशय सेल्फवर, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या मोटरवर, घ्यायचा: तिच्या सोलनॉइडचे, म्हणजे करंट जोडणाऱ्या चुंबकी स्विचचे, तांब्याचे कॉन्टॅक्ट झिजलेत, नाहीतर मोटरचे कार्बन संपलेत. पण टकटकीची माळ लागली म्हणजे करंट पुरत नाहीये. सोलनॉइड ओढला जातो, मोटर शे-दीडशे अँपिअर मागते, व्होल्टेज कोसळतं, सोलनॉइड सुटतो. भार गेला की व्होल्टेज सावरतं आणि तो पुन्हा ओढला जातो.

"पेट्रोल आहे का?" काकांनी शेव चावत विचारलं.

"काका, पेट्रोल नसतं तरी इंजिन फिरलं असतं. हे फिरतच नाहीये."

"मग फिल्टर चोक. भिया, मारा सेल्फ!"

साडूंनी मारला. मी 'थांबा' म्हटल्यावर न थांबणारे साडू परक्या माणसाच्या एका इंदुरी 'भिया'वर किल्ली फिरवतात, हे मला अजून पचलेलं नाही. "भाऊ, आधी हेडलाइट लावा, मग मारा," मी म्हटलं. दिवे पार मिणमिणले. याचा अर्थ बॅटरी उतरली आहे, किंवा बॅटरीतून निघालेला करंट वाटेत कुठेतरी अडतोय.

"बॅटरी गेली," काकांनी निकाल दिला. "आपल्या ओळखीचा बॅटरीवाला आहे. अर्ध्या तासात नवी बसवून देतो. जुनीचे पैसे वळते करतो."

बॉनेट उघडलं तर प्लसच्या टर्मिनलवर पांढऱ्या-हिरवट क्षाराचा ढीग. 2017 पासून स्वच्छतेत पहिल्या नंबरावर मिरवणारं आमचं इंदूर. रोज सकाळी गाणं वाजवत कचरागाडी दारात येते, ओला-सुका वेगळा केला नाही तर सुनावून जाते. साडूंच्या घरी सहा डबे आहेत. बॅटरीवर फडकं मात्र नाही.

"हे काय साचलंय?" म्हणत काकांनी हातातला चमचा तिकडे नेला. स्टीलचा चमचा.

"काका, चमचा मागे!"

मी ओरडलो, हे खरं. बारा व्होल्टचा झटका माणसाला लागत नाही, पण चमचा प्लस आणि मायनसवर आडवा पडला तर त्यातून शेकडो अँपिअर जातात. चमचा लालबुंद होतो, ठिणगी उडते, आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असेल तर ती फुटूही शकते. काका दुखावले. "अपन ने ट्रक की बॅटरियाँ उठाई हैं, भिया," असं साडूंना ऐकवून त्यांनी प्लेट एअर फिल्टरच्या झाकणावर ठेवली. चिमूटभर शेव इंजिनात गेली ती गेलीच.

माझ्या पिशवीत व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटर असतो. बायकोला याची लाज वाटते. बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर मोजलं: 12.5 व्होल्ट. साडूंनी सेल्फ मारला तेव्हाही आकडा फारसा हलला नाही. मग त्याच खुंटावर बसलेल्या केबलच्या क्लॅम्पवर मोजलं. सेल्फ मारताच तिथला आकडा सातच्या खाली नाचायला लागला. बॅटरी ठणठणीत होती. खुंट आणि क्लॅम्प यांच्या मधला थर करंट खात होता.

दहा नंबरचा पाना. आधी मायनस काढायचा, मग प्लस. कारण मायनस जोडलेला असताना प्लसवरचा पाना बॉडीला टेकला की शॉर्ट. खायचा सोडा ठेलेवाल्याकडून मिळाला, जरा कुरकुरत. ग्लासभर कोमट पाण्यात दोन चमचे. ओतल्याबरोबर फसफसून फेस आला.

"अॅसिडिटी झाली होती म्हणा की!" काका म्हणाले, आणि ठेल्यावरची सगळी गर्दी हसली. चिडायचं कारण एवढंच, की निदान बरोबर होतं.

फेस थांबेपर्यंत धुवायचं, पाणी बॅटरीच्या झाकणांत जाऊ द्यायचं नाही, कोरडं करून शिसं चकाकेपर्यंत पॉलिश पेपर मारायचा. जोडताना प्लस आधी. क्लॅम्प हाताने फिरता कामा नये. पेट्रोलियम जेली आवळल्यानंतर वरून. गाडी पहिल्या सेल्फला उठली, मीटरवर 14.2, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरही शाबूत. "बघा, मी म्हणालो नव्हतो?" काका म्हणाले. काय म्हणाले होते, ते कोणी विचारलं नाही.

खरी चीड काकांच्या त्या ओळखीच्या बॅटरीवाल्याची येते. नवी बॅटरी बसवली असती तरी गाडी उठलीच असती. कारण ती बसवताना तो क्लॅम्प काढतो, खरवडतो आणि घट्ट आवळतो. इलाज खरवडण्याचा, बिल बॅटरीचं, आणि तुमची धडधाकट बॅटरी भंगाराच्या भावात त्याच्या दुकानात. वर 'ओरिजिनल आहे, साहेब' म्हणून पाठीवर थाप.

म्हणून पैसे काढण्याआधी सेल्फ मारताना खुंटावरचं व्होल्टेज दाखवायला सांगावं. पूर्ण चार्ज असूनही 9.6 व्होल्टच्या खाली गेलं तर निमूट नवी घ्यावी. तेवढं पडत नसेल तर क्लॅम्प बघावेत, मग इंजिनापासून बॉडीला गेलेली अर्थिंगची पट्टी. हे सगळं मी साडूंना घरी सोडायला जाताना समजावलं. ते म्हणाले, "तरी पण नवी घेतली असती तर वॉरंटी मिळाली असती."