पोफळी मोजा

३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या पट्ट्यात किनाऱ्याला लागलं, तेव्हा दुपार होती. संध्याकाळी वारा पडल्यावर माझ्या वडिलांनी, आबांनी, मागचं दार उघडलं आणि तिथेच उंबऱ्यावर बसले. १८० पोफळींपैकी, म्हणजे सुपारीच्या झाडांपैकी, ३१ उभ्या होत्या. आजोबांनी लावलेले माड आडवे, मिरीचे वेल त्यांच्याखाली.

पंचनाम्याला माणूस आला. "आबा, क्षेत्र किती?"

"अकरा गुंठे. पण भाऊसाहेब, क्षेत्र नका बघू, पोफळी मोजा."

माणूस भला होता, पण भरपाईचा दर हेक्टरी होता. हेक्टर म्हणजे जवळजवळ शंभर गुंठे. आमच्या आगरात, म्हणजे माड-पोफळींच्या बागेत, गुंठ्याला सोळा-सोळा पोफळी, माड नि जायफळ वेगळे. भातखाचराचं माप आगराला लावल्यावर हातात काय येणार? लोकांनी आवाज उठवला, तेव्हा कुठे झाडामागे भरपाई धरली गेली.

हवामानबदलावर देशादेशांत काय ठरतं, ते मी तेव्हापासून वाचते आहे. दरवेळी मला तो हेक्टरी दर आठवतो.

युरोपीय संघाच्या २७ देशांनी केलं ते मोठंच आहे. कारखान्यांनी मिळून किती कार्बन सोडायचा याची मर्यादा आणि सोडलेल्या प्रत्येक टनाला परवाना, हे २००५ पासून चालू आहे; ती मर्यादा २०१३ पासून दरवर्षी खाली येते. १९९० च्या तुलनेत २०३० पर्यंत निदान ५५ टक्के घट, हे त्यांनी २०२१ मध्ये कायद्यातच लिहिलं. कोळसा खाणींवर जगणाऱ्या भागांसाठी वेगळा निधी ठेवला. हे मला मनापासून पटतं. आपलं २०७० चं नेट झिरो, म्हणजे सोडू तेवढाच कार्बन शोषून घेण्याचं उद्दिष्ट, तेसुद्धा असंच कायद्यात यायला हवं.

पण १ जानेवारी २०२६ पासून बाहेरून येणाऱ्या पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंटवर त्यांनी कार्बनचं शुल्क लावलं. माप कसलं? आज एका टनामागे किती कार्बन निघाला याचं. गेल्या दीडशे वर्षांत त्यांच्या चिमण्यांनी काय ओकलं, ते या मापात येत नाही. आणि तो पैसा जाणार त्यांच्याच तिजोरीत! तो २०२२ ला शर्म-अल-शेखच्या जागतिक हवामान परिषदेत गरीब देशांसाठी मान्य झालेल्या हानी-भरपाई निधीत जायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

बाकूच्या परिषदेत २०२४ ला ठरलं, श्रीमंत देशांच्या पुढाकाराने गरीब देशांना हवामानबदलासाठी २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर. गरीब देशांनी मागितले होते १३०० अब्ज. त्या ३०० मध्ये कर्जंही धरली जाणार. आबांच्या हातात कर्जाचा कागद ठेवून त्याला कुणी मदत म्हटलं असतं, तर?

उद्या त्या हानी-भरपाई निधीतलं काही कोकणात आलंच, तर ते कुठल्या मापाने वाटलं जाणार? म्हणून आगरवाल्यांनो, यंदा ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइलवरच्या पीकनोंदणीत, नुसतं क्षेत्र भरू नका, झाडांची संख्या भरा. माड किती, पोफळी किती, सगळं. ग्रामसभेत हा विषय मी मांडणार आहे. तुम्हीही आपापल्या गावात मांडा.

आबांनी त्याच पावसाळ्यात रोठा सुपारीची १२० रोपं लावली होती. त्यांतल्या काहींना आता पहिल्या सुपाऱ्या दिसायला लागल्या आहेत.