नळात फ्लोराईड? अहो, आधी नळाला पाणी तर येऊदे

गेल्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर तो फॉरवर्ड परत फिरून आला, तुम्हालाही आला असणारच. थोडक्यात असं की सरकार आपल्या टॅक्सच्या पैशातून नळाच्या पाण्यात फ्लोराईड नावाचं विष घालतं, ते विष म्हणजे खताच्या कारखान्याचा कचरा, हिटलरने छावण्यांतल्या कैद्यांना गप्प ठेवायला हेच दिलं, युरोपात यावर बंदी आहे, हार्वर्डने सिद्ध केलंय की मुलांची बुद्धी कमी होते, म्हणून पाणी उकळून प्या, हा खर्च बंद करा म्हणून आवाज उठवा, आणि सगळ्यात खाली फ्लोराईड-फ्री टूथपेस्टची लिंक. लिंक बघून खरंतर मी सोडूनच देणार होतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी इथे गोव्यातल्याच डिचोलीच्या मावशीचा फोन, "अरे आमच्या पाण्याला वास येतोय फ्लोराईडचा, कळशी भरून ठेवलीय, तू येऊन बघ."

गेलो. कळशीत नाक घातलं. क्लोरिन! पावसात नदी गढूळ झाली की डोस वाढतो तो. मावशीला म्हटलं पाणी पसरट टोपात ओत, वर नुसता फडका टाक आणि चहा ठेव. चहा झाला, शेजारणीच्या सुनेबद्दल सगळं बोलून झालं, तोवर वास बराच उतरला होता. फ्लोराईड पाण्यात असेल त्या प्रमाणात त्याला वास नसतो, रंग नसतो, चवही नसते, त्यामुळे "वास येतोय" म्हणणाऱ्याला दुसरंच काहीतरी येत असतं.

आता खर्चाचं. गोव्यातला पाणी शुद्ध करायचा कुठलाही सरकारी प्रकल्प घ्या, ओपा, अस्नोडा, साळावली, दाबोस, चांदेल, काम तेच. नदीचं किंवा धरणाचं पाणी उचलायचं, तुरटी घालून गाळ खाली बसवायचा, वाळूतून गाळायचं, क्लोरिन मारायचं, टाकीत चढवायचं. फ्लोराईड यात कुठेच नाही. गोव्यात नाही, महाराष्ट्रात नाही, अख्ख्या भारतात सरकारी पाण्यात फ्लोराईड मिसळायची योजनाच नाही. जो खर्च होतच नाही तो बंद कसा करणार? पाणी खात्याला शिव्या घालायला आपल्याकडे कारणं काय कमी आहेत? २०१९ च्या ऑगस्टात खांडेपारला पाइपलाइन फुटली आणि पणजी-तिसवाडीचे नळ कितीतरी दिवस कोरडे पडले, तेव्हा टँकरमागे बादल्या घेऊन धावलेल्या माणसाला विचारा पाण्यात काय जास्त होतं ते.

उलट आपल्या देशात सरकार पैसे घालतं ते पाण्यातून फ्लोराईड काढायला, आणि फॉरवर्ड बनवणाऱ्याला नेमकं हेच माहीत नाही. फ्लोराईड खडकातून पाण्यात उतरतं, बोअर जितकी खोल तितकी भीती जास्त. ते जास्त झालं की दात आणि हाडं बिघडतात. १९३७ साली नेल्लोर भागात आपल्या देशात हा आजार पहिल्यांदा नोंदला गेला, आज राजस्थान, आंध्र, तेलंगणा, आपल्या शेजारी महाराष्ट्रात चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड. यवतमाळकडे मित्राच्या लग्नाला गेलो होतो तेव्हा मांडवात पाणी वाटणाऱ्या पोराचे दात बघितले, पुढच्या चार दातांवर तपकिरी आडवे पट्टे, मला वाटलं तंबाखू, म्हटलं एवढ्या लहान वयात? मित्र म्हणाला बोअरचं पाणी रे, आमच्याकडे निम्म्या वर्गाचे असेच. त्याचे आजोबा ओट्यावर बसले होते, मान वळेना, पाठ वाकून गेलेली, कोणी हाक मारली की अख्खं अंग फिरवायचे. हा फ्लोरोसिस. दात हे नुसतं ट्रेलर, हाडं हा पिक्चर. यासाठी केंद्राचा वेगळा कार्यक्रम आहे २००८-०९ पासून, आणि नागपूरच्या नीरी या सरकारी संशोधन संस्थेने काढलेली नालगोंडा पद्धत आहे, त्यात चुना आणि तुरटी घालून फ्लोराईड खाली बसवतात. म्हणजे तीच तुरटी जी ओपाला गाळ बसवते.

प्रमाण किती ते पण बघू. भारतीय मानकात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरा सोर्सच नसेल तर १.५ पर्यंत. डब्ल्यूएचओची मर्यादा पण १.५. अमेरिकेत जिथे दात किडू नयेत म्हणून मुद्दाम घालतात तिथे ०.७ ठेवतात. आणि समुद्राच्या पाण्यात? साधारण १.३. म्हणजे मिरामारला गटांगळी खाल्ली तर अमेरिकन नळापेक्षा जास्त फ्लोराईड तोंडात गेलं. चहाच्या पानात तर ते आपसूकच साठतं, मावशीच्या त्या कडक चहात नळाच्या पाण्यापेक्षा नक्कीच जास्त असणार, पण हे तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही.

हिटलरचं एका वाक्यात संपवतो, याला कसलाही पुरावा नाही.

खताच्या कारखान्याचं मात्र अर्धं खरं आहे. अमेरिकेत घालतात ते रसायन बरंचसं फॉस्फेट खत बनवताना निघणाऱ्या वायूतून पकडलेलं असतं. ऐकायला घाण वाटतं, पण ते शुद्धतेच्या टेस्ट पास करून मग पाण्यात जातं.

युरोपचं पण तसंच, बंदी म्हणणं चूक. नेदरलँड्सने सत्तरच्या दशकात थांबवलं, स्वित्झर्लंडच्या बासेलने २००३ मध्ये, पण त्याच स्वित्झर्लंडमध्ये, जर्मनीत फ्लोराईडवालं मीठ दुकानात मिळतं, ज्याला पाहिजे तो घेतो. आयर्लंडमध्ये आजही पाण्यात घालतात, इंग्लंडच्या काही भागात घालतात.

आता बुद्धीचं, कारण आईबाप याच्यानेच घाबरतात. हार्वर्डवाल्यांचा तो २०१२ चा पेपर म्हणजे आधीच्या २७ अभ्यासांची बेरीज होती, त्यातले बहुतेक चीनमधले, जिथे विहिरीतच फ्लोराईड भरमसाठ. नंतर २०२४ मध्ये अमेरिकेच्या सरकारी टॉक्सिकॉलॉजी प्रोग्रामने रिपोर्ट काढला, १.५ च्या वर गेलं तर मुलांचा बुद्ध्यांक कमी असण्याशी संबंध दिसतो, ०.७ बद्दल ठरवायला माहिती पुरेशी नाही. त्याच वर्षी तिथल्या एका फेडरल जजने पर्यावरण खात्याला यात लक्ष घालायला सांगितलं. म्हणजे प्रश्न खोटा नाही, यवतमाळच्या बोअरवर तो फारच खरा आहे. पण तो ओपाच्या नळाला चिकटवणं म्हणजे दुसऱ्याचा ब्लड रिपोर्ट बघून स्वतः गोळ्या खाणं.

आणि हो, अमेरिकेत या खर्चाला विरोध करणारे सगळेच येडे नाहीत, हे मला पण थोडं वाचल्यावर कळलं. १९४५ साली मिशिगनच्या ग्रँड रॅपिड्समध्ये हे पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा फ्लोराईडची टूथपेस्ट दुकानात मिळत नव्हती, पाण्यातून दिल्यावर मुलांची कीड भरपूर कमी झाली. आज प्रत्येक मोरीत ट्यूब आहे. जगभरचे अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२४ च्या रिव्ह्यूत फायदा घसरून मुलामागे सरासरी पाव दुधाच्या दाताइतका आला. मग लोक विचारणारच, एवढ्यासाठी सगळ्यांच्या पाण्यात कशाला, ज्याला नको त्याने काय करायचं? तिथल्या युटा राज्याने २०२५ मध्ये कायद्याने बंदच केलं. पण दुसरी बाजू कॅनडाच्या कॅल्गरीची. त्यांनी २०११ मध्ये पैसे वाचवायला बंद केलं, काही वर्षांनी तपासलं तर तिथल्या साधारण ६५ टक्के मुलांचे दुधाचे दात किडलेले, त्याच प्रांतातल्या एडमंटनमध्ये, जिथे चालू होतं, ५५ टक्के. मग परत मशिनरी बसवली, जवळपास २.८ कोटी कॅनेडियन डॉलर घालून, आणि २०२५ मध्ये पुन्हा सुरू. वाद असावा तर असा, हिशोब मांडून. तो त्यांचा वाद आहे, ते बघून घेतील.

पाणी उकळून प्या हा सल्ला तर कमालच. उकळून जंतू मरतात, त्यासाठी पावसात जरूर उकळा, पण फ्लोराईड वाफेबरोबर उडत नाही, पाणी आटतं आणि ते तिथेच राहून उलट दाट होतं. काढायचंच असेल तर आरओ काढतो, पण आपल्या नळाला त्यासाठी गरज नाही.

राहिली टूथपेस्ट. भारतात पेस्टमध्ये १००० पीपीएमच्या वर फ्लोराईड चालत नाही, म्हणजे एका ग्रॅम पेस्टमध्ये १ मिलिग्रॅम. लहान मुलाला वाटाण्याएवढी पुरे, अगदी बारकं असेल तर तांदळाच्या दाण्याएवढी, आणि थुंकायला शिकवायचं. जाहिरातीत ब्रशभर लाट काढतात तेवढी कोणालाच लागत नाही. आणि ज्या गोव्यात पाण्यात फ्लोराईड घालतच नाहीत तिथे पेस्टमधलंही काढून टाकलं तर पोरांच्या दातांना राहिलं काय? हे सगळं मावशीला नीट समजावलं, तिने पूर्ण ऐकून घेतलं, मग हळूच म्हणाली, "ती लिंकवरची पेस्ट मी मागवली रे, सहाचा पॅक, उद्या येणार, परत कशी पाठवतात?"