१५०० रुपयांत कोण काम सोडतं?

सरकारी मदत आणि 'स्वतःची जबाबदारी' यांवरचा तुमचा लेख वाचला. 'दरमहा १५०० रुपये खात्यात आले की माणूस काम सोडतो', हे त्यातलं वाक्य काही पटलं नाही. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या ताई लोकमान्य नगरहून येतात. लाडक्या बहिणीचे पैसे मिळायला लागल्यापासून त्यांनी एकही घर सोडलेलं नाही. भिशी मात्र पहिल्यांदाच वेळेवर भरतात. ठाण्यात १५०० रुपयांत महिन्याचं भाडं सोडाच, डिपॉझिटचा कोपराही निघत नाही!

सरकारने कमी गोष्टी कराव्यात, पण नीट कराव्यात, हा तुमचा मुद्दा मात्र मान्य. घोडबंदर रोडला आमच्या सोसायटीत मालमत्ता कर भरूनही टँकरचे पैसे वेगळे काढावे लागतात. तिथे 'स्वतःची जबाबदारी' आम्ही कधीचीच उचलली आहे. आणि मदत व जबाबदारी एकत्र कशी बांधायची, हे महाराष्ट्राला कोणी शिकवायला नको. १९७७ चा रोजगार हमी कायदा आपलाच. मजूर काम मागणार, सरकार काम देणार, केलेल्या कामाची मजुरी मिळणार. लेखात त्याचा साधा उल्लेखही नाही, याचं नवल वाटलं.