'आदिवासी स्वखुशीने आले' म्हणे!

फॅमिली ग्रुपवर फिरतंय ते फॉरवर्ड तुमच्याकडेही आलं असेल: "कॅलिफोर्नियातल्या मिशन चर्चमध्ये आदिवासी स्वखुशीने आले, फादरनी त्यांना पोटभर जेवण, शेती आणि शिस्त दिली, पुढे साथीत बिचारे गेले, आज त्यांचा वंशच उरला नाही." एरवी पाद्री म्हटलं की चवताळणारी आमची मंडळीसुद्धा 'शिस्त' वाचून अंगठे दाखवतायत. दाखवा, पण सॅन होजेतला माझा चौथीतला भाचा हेच शाळेच्या प्रोजेक्टमध्ये उतरवायला निघालाय, म्हणून लिहितेय.

मिशन म्हणजे आदिवासींना ख्रिस्ती करायला स्पॅनिश पाद्र्यांनी उभारलेली वस्ती. त्यातलं सॅन फ्रान्सिस्कोचं मिशन डोलोरेस घ्या. 1776 सालचं, आजही तिथे चालू चर्च आहे. तिथल्या ओलोनी आदिवासींपैकी काही सुरुवातीला आपल्या पायांनी आले, हे खरंय, मान्य. पण स्पॅनिशांची गुरं त्यांच्या खाण्याचं बी-गवत फस्त करत होती, रान जाळून नवं गवत आणायची त्यांची पद्धत 1793 मध्ये बंद करून टाकली, मग जाणार कुठे? आणि एकदा बाप्तिस्मा झाला की परवानगीशिवाय बाहेर पडायचं नाही, पळालात तर सैनिक धरून आणणार. स्वखुशीने आलेल्यांना धरून आणायला सैनिक कशाला लागतात?

1795 मध्ये एकट्या डोलोरेसमधून 200च्या वर लोक पळाले. धरून आणलेल्यांना 1797 मध्ये विचारलं, का पळालात? ते जबाब खुद्द स्पॅनिश कमांडर अर्ग्वेयोने नोंदवलेत, चर्चच्या दुश्मनांनी रचलेल्या गोष्टी नाहीत. तिबुर्सिओ सांगतो, बायको आणि मुलगी गेली म्हणून रडत होतो तर मिशनच्या फादर दान्तींनी पाच वेळा फटके मारायला लावले. पाच वेळा! रडला म्हणून! मिलान दिवसभर चामडं कमावायच्या कामावर, त्याला, बायकोला, पोराला खायला काही नाही, म्हणून काम सुटल्यावर खायला शिंपले शोधायला गेला, तर त्यालाही फटके. दुसऱ्या दिवशी तो खाडीपलीकडे पळाला, आणि तिथे बायको-पोर दोघंही गेली. हे ते पोटभर जेवण.

शेतीचं काय, राबले तेच. मिशनची 1791 ची ती कच्च्या विटांची इमारतसुद्धा त्यांच्याच हातची.

साथींचं अर्धं खरं आहे, 1806 च्या गोवराने खूप माणसं गेली. पण मिशनांमध्ये लग्न न झालेल्या मुलींना रात्री एका खोलीत दाटीवाटीने कुलपात ठेवायचे, माणसं अर्धपोटी, मग साथ पसरणार नाहीतर काय होणार? सगळं 'दुर्दैव' म्हणून कसं चालेल?

आणि वंश उरला नाही? 1925 मध्ये क्रोबर नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने ओलोनी संपल्यातच जमा असं लिहिलं, पुढे त्यानेच शब्द फिरवला, आणि त्यांचे वंशज, मुवेक्मा ओलोनी जमात, अजून सरकारी मान्यतेसाठी भांडतायत. अँड्र्यू गॅल्व्हन हे ओलोनी गृहस्थ तर याच मिशन डोलोरेसचे क्युरेटर होते, म्हणजे ज्यांना फॉरवर्डवाल्यांनी संपवून टाकलंय त्यांच्यातलाच माणूस तिथे येणाऱ्यांना हा इतिहास सांगत होता.